ओळखीतल्या माणसाच्या गाडीचे किती मागायचे?

अकोला जिल्ह्यातून २६ वर्षांच्या एका मुलाचं पत्र आलंय. नाव-गाव देत नाही, पत्रही लांबलचक होतं म्हणून थोडक्यात सांगते. पुण्यात गाड्यांच्या डिटेलिंगच्या, म्हणजे गाडी आतून-बाहेरून बारकाईने साफ करून चमकवायच्या दुकानात तीन वर्षं काम केलं, वडलांची तब्येत बिघडली म्हणून गावी आला. रोडला लागून घरचं वावर आहे, तिथं टिनाचं शेड टाकलं, प्रेशर वॉशर, व्हॅक्यूम, पॉलिशची मशीन घेतली, मशीनचा हप्ता सुरू आहे. पहिलं मोठं काम ओळखीतल्या एकाच्या बोलेरोचं, दोन दिवस लागले, पैसे विचारले तर हा म्हणाला "समजून द्या", त्यांनी १५०० दिले. आता तालुक्याच्या डॉक्टरांची पाच वर्षं जुनी काळी क्रेटा यायची आहे, "नवीसारखी करून दे, किती घेशील?" असं त्यांनी विचारलंय. आई म्हणते त्यांनी तुझ्या बाबाले बरं केलं, जास्त मागू नको. मित्र म्हणतो डॉक्टर आहे, ८००० सांग, खेच. याच्या स्वतःच्या मनात ३००० आहेत. त्यात काकाजींच्या मुलीचं लग्न आलंय, त्यांची स्कॉर्पिओही "जरा करून दे" म्हणून निरोप आहे. शेवटी विचारतो, "ताई, आपल्या भागात या कामाचे पैसे कोणी देते का? का मी पुण्याले वापस जाऊ?"

भाऊ,

तुझ्या पत्रात आकडे बरेच आहेत पण एकही तुझ्या कामातून निघालेला दिसत नाही. ३००० हा तुला संकोच वाटतो म्हणून, ८००० हा मित्राला डॉक्टरांचा खिसा दिसतो म्हणून, आणि १५०० तर सरळसरळ समोरच्याच्या मर्जीवर. गाडीला किती वेळ लागणार, माल किती जाणार, याचा पत्रभर कुठे हिशोब नाही, आणि तीन वर्षं पुण्यात राहून तू काम शिकलास पण दर लावणं मालकाच्या केबिनमध्ये होत असेल, ते तुला कोणी शिकवलं नाही, त्यामुळे हा गोंधळ साहजिक आहे.

आधी ती बोलेरो घे. तू लिहितोस की शाम्पू, क्ले (रंगावर चिकटलेला मळ ओढून काढणारी माती), कंपाउंड (ओरखडे घासून काढायची पेस्ट), पॉलिश, सीट धुवायचं केमिकल मिळून साडेसातशेचा माल गेला. पोरगा मदतीला होता त्याला १५० दिले. पाण्याचा टँकर आणावा लागला, त्यातलं १०० रुपयांचं पाणी या गाडीला लागलं असं तूच लिहिलंय. म्हणजे १००० गेले, राहिले ५००, तेही दोन दिवसांचे. रोज २५० पडला. रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर रोजी ३१२ रुपये होता, म्हणजे तू मशीन, हप्ता, शेड, तीन वर्षांचं शिक्षण एवढं सगळं घेऊन त्याच्याही खाली बसलास, आणि यात लाइटबिल, पॅडची झीज, मायक्रोफायबरची फडकी मी धरलेलीच नाहीत. यात बोलेरोवाल्याचा काही दोष नाही बरं का. "समजून द्या" म्हटल्यावर त्याने समजून दिले, त्याच्या डोक्यात वॉशिंग सेंटरचे ३०० रुपये होते, त्याने त्याच्या हिशोबाने पाचपट दिले आणि खूश होऊन गेला. क्ले काय असते, कंपाउंडिंगला एका दरवाजाला किती वेळ जातो, हे त्याला कोणी सांगितलं?

इथे तुझा तो मोठा प्रश्न येतो, आपल्या भागात या कामाचे पैसे कोणी देते का. मला हे वाक्य जरा तपासून बघावंसं वाटतं. दसऱ्याला गाडी पुजायच्या आधी सीट कव्हर, मॅट, साउंड, पुढचं गार्ड, काचेवर नाव, यावर आपल्याकडे माणूस दहा-पंधरा हजार हसत हसत घालवतो, उधार काढूनही घालवतो. पैसा नाही असं नाही. फक्त सीट कव्हर दिसतं, हाताला लागतं, त्याचा भाव दुकानात लटकवलेला असतो. तुझं काम दिसत नाही, गाडी चकाकली एवढंच दिसतं, आणि चकाकी तर पेट्रोल पंपाबाहेर मिळणाऱ्या पन्नास रुपयांच्या बाटलीनेही येते, आठ दिवसांसाठी का होईना. म्हणून अर्धं बोनेट करून दाखव. मधोमध टेप लाव, एक बाजू पॉलिश कर, दुसरी तशीच ठेव, आणि गिऱ्हाइकाला उन्हात उभं करून दाखव. एवढं पाहिल्यावर "एवढे कशाचे?" हे विचारणं बरंच कमी होतं. माझ्या भावाचं गॅरेज आहे, त्याच्याकडे डेंटिंग-पेंटिंगवाला हेच करतो, त्याच्याकडून ऐकलेलं सांगतेय.

आता डॉक्टरांकडे वळू. आई म्हणते त्यांनी बाबांना बरं केलं. खरं आहे, पण तेव्हा त्यांनी फी घेतली होती का? घेतली असेल तर तुला त्यात काही वावगं वाटलं नाही ना, उलट बरं वाटलं की माणूस स्पष्ट सांगतो, काय द्यायचं ते कळतं. मग तुझी फी ऐकून त्यांना का वाईट वाटावं? आणि जर खरोखरच त्यांनी त्या वेळी पैसे घेतले नसतील, अडल्या वेळी धावून आले असतील, तर मग गोष्ट वेगळी, मग ३०००-८००० च्या भानगडीत न पडता सरळ सांग की साहेब, ही गाडी माझ्याकडून, आणि मनापासून करून दे. अर्धवट उपकार फेडणं, म्हणजे मनात ६००० आणि तोंडाने ३०००, त्यात उपकारही फिटत नाही आणि तू दोन दिवस चिडचिड करत काम करतोस ते वेगळंच.

मित्राचं "खेच" मात्र मला अजिबात पटलं नाही. मोठ्या शहरात एका माणसाला एक आणि दुसऱ्याला दुसरा भाव सांगून धंदा चालतही असेल, तिथे गिऱ्हाईक एकमेकांना ओळखत नाही. तुझ्याकडे डॉक्टरांनी काय दिले हे संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर पोचणार, आणि उद्या मास्तरांच्या तसल्याच गाडीला ४००० सांगितले की डॉक्टरांना कळणार की आपल्याकडून जास्तीचे काढले. माणूस पाहून दर लावू नको, गाडी पाहून लाव. ज्या गाडीत सरकी ढेपेची पोती वाहिली जातात, मागच्या सीटवर शेळी बसून आली, दरवाज्याच्या बाहेरून खर्ऱ्याच्या पिचकाऱ्यांचे ओघळ वाळलेले, तिला दोन तास जास्त लागतात तर ती सरपंचांची असो की मजुराची, जास्तच पडणार, आणि ते तोंडावर सांगता येतं कारण डाग दोघांनाही दिसतोय.

म्हणूनच फोनवर दर सांगायचा नाही. "गाडी दाखवा, मग सांगतो" एवढंच. गाडी आली की उजेडात एक चक्कर मार, मोबाइलच्या टॉर्चने पत्रा बघ, चारही बाजूंचे फोटो काढ, आहे तो ओरखडा मालकाला बोट ठेवून दाखव, नाहीतर नंतर तो तुझ्याच नावावर चढतो. विचार की कुठला भाग नव्याने पेंट केला का. हे विचारणं फार गरजेचं आहे कारण रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, कंपनीतून येतो तेव्हाच साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा असतो, केसापेक्षाही पातळ, आणि दरवेळी कंपाउंड मारलं की त्यातला थोडा कमी होतो. दुसऱ्या पेंटरने केलेल्या दरवाज्यावर किती थर आहे देव जाणे, तिथे जोर दिला आणि खालचा रंग निघाला तर तुझे सहा महिन्यांचे पैसे त्यात. तुला हे पुण्यात शिकवलंच असेल, पण जे वाचक आता नवीन मशीन घेऊन बसलेत आणि व्हिडिओ पाहून सुरू करणार आहेत त्यांच्यासाठी लिहिलं. रोटरी मशीन हाती घ्यायच्या आधी भंगारातून एक जुनं बोनेट आणा आणि त्यावर हात बसवा.

डॉक्टरांच्या क्रेटाचं तू जे वर्णन केलंस, काळा रंग, दवाखान्यासमोर उघड्यावर उभी, रोज सकाळी पोरगा बोअरच्या पाण्याने आणि एकाच फडक्याने पुसतो, त्यावरून मला वाटतं दोन त्रास निघतील. एक म्हणजे गोल गोल बारीक ओरखडे, ते पॉलिशने बरेचसे जातील. दुसरे पाण्याचे पांढरे डाग. तुझा भाग पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाणपट्टा, तिथलं बोअरचं पाणी प्यायलाच नाही चालत तर काळ्या गाडीवर वाळल्यावर काय करेल. ताजे डाग पातळ केलेल्या व्हिनेगरने किंवा डाग काढायच्या लिक्विडने निघतात, पण एप्रिल-मेच्या आपल्या ४४-४५ डिग्रीच्या उन्हात वर्षानुवर्षं भाजलेले डाग क्लिअर कोटमध्ये रुतून बसतात, त्यातले काही पॉलिशनेही जात नाहीत. हे आधीच सांग. "नवीसारखी" हा शब्द डॉक्टरांचा आहे, तो तुझ्या तोंडून परत जाऊ देऊ नको, "पहिल्यापेक्षा खूप चांगली होईल, पण हे चार डाग राहतील" असं म्हण. जो माणूस आधी सांगतो त्याला लोक जास्त पैसे देतात, हे मी डॉक्टरांच्याच धंद्यात पाहिलंय.

तुझ्या पाण्याचंही बघ. टँकर परवडत नसेल तर पहिली धुलाई बोअरच्या पाण्याने, सावलीत, आणि वाळू न देता लगेच पुसणं, शेवटचा हात गावच्या आरओच्या दोन-तीन कॅननी. पण आरओमधून जे वाया पाणी फुकट मिळतं ते चुकूनही घेऊ नको, त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात, फुकटच्या नादात डाग वाढतील. या कॅनचे पैसे मालाच्या हिशोबात धर, तीस-चाळीस रुपये असले तरी धर.

बरं, दर. कागद घे. घरात महिन्याला तुझ्याकडून किती यायला पाहिजे? तू १८००० लिहिलेस. मशीनचा हप्ता, लाइट, शेडची डागडुजी मिळून ६०००. झाले २४०००. आता महिन्याचे कामाचे दिवस २६ धरलेस तर फसशील, कारण पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी धुऊन घेणार कोण, पेरणीच्या वेळी तर तूच वावरात असणार, उन्हाळ्यात दुपारी पत्रा इतका तापतो की कंपाउंड लावल्या लावल्या सुकतं, म्हणजे सकाळचं कामच खरं. वर्षाची सरासरी म्हणून मी महिन्याला मोठ्या कामाचे १२ दिवस धरेन. २४००० भागिले १२, दिवसाचे २०००. हा झाला तुझ्या दिवसाचा दर, कोणी विचारलं तर डोळ्यात पाहून सांगता येईल असा. क्रेटाला दोन दिवस, ४०००. माल १२०० धर, काळ्या गाडीला पॉलिश जास्त लागतं आणि पॅडही घासतात. पोरगा आणि पाण्याचे ५००. झाले ५७००. डॉक्टरांना ६००० सांग. मित्राच्या आकड्यापेक्षा कमी आहे, तुझ्यापेक्षा दुप्पट आहे, आणि त्यातला प्रत्येक रुपया कुठून आला हे तुला माहीत आहे. तुझे आकडे वेगळे निघाले तर उत्तर वेगळं येईल, ५००० येईल नाहीतर ७००० येईल, इतर वाचकांनीही माझा ६००० उचलू नका, रीत उचला.

आता तुला वाटेल ६००० म्हटल्यावर ते म्हणतील "बाप्पा, एवढे?" म्हणू देत. तिथे एकदम "बरं ४००० द्या" म्हणू नकोस, म्हटलास की त्यांना वाटेल मघाचे २००० हवेतलेच होते. पैसे कमी करायचे तर काम कमी कर. "साहेब, ४००० मध्ये बाहेरून धुणं, क्ले आणि एका हाताचं पॉलिश करून देतो, आतलं सीटचं काम पुढच्या महिन्यात करू." यात कोणाचा अपमान होत नाही, त्यांच्याकडे दोन रस्ते राहतात आणि तुझा दिवसाचा दर जागच्या जागी राहतो. आईच्या समाधानासाठी सूट द्यायचीच असेल तर बिलावर आधी ६००० लिही, खाली ओळखीचे म्हणून ५०० वजा दाखव. सूट दिलेली दिसली पाहिजे, गुपचूप दिलेली सूट कोणी मोजत नाही, पुढच्या वेळी तोच भाव होऊन बसतो.

बोलेरोवाले परत आले तर? ते येणारच, त्यांना १५०० चं काम आवडलंय. सरळ सांग, "दादा, पहिली गाडी होती, अंदाज नव्हता, आता दर काढले आहेत, तुमच्यासाठी धुणं आणि आतून व्हॅक्यूम १५०० पेक्षाही कमीत होते, पूर्ण काम पाहिजे असलं तर एवढे." अशा दहा गिऱ्हाइकांतले चार जातील. जाऊ दे. त्या चौघांसाठीच वॉशिंग सेंटर आहे आणि त्यांच्याशी ३०० रुपयांत भांडायला तुझी मशीन घेतलेली नाही.

काकाजींच्या स्कॉर्पिओचं मी वेगळं सांगते, कारण तिथे हा सगळा हिशोब कामाचा नाही. घरातलं लग्न आहे, पोरगी तुझी बहीणच. तुला झेपत असेल तर ते काम आहेर म्हणून कर, आणि तसं बोलून दाखव, "काकाजी, गाडी माझ्याकडून आहेर", म्हणजे लग्नात दुसरं पाकीट द्यायची गरज नाही आणि कोणी म्हणणार नाही की पोराने फुकट काम केलं. झेपत नसेल, लग्नसराईत तेच दोन दिवस दुसऱ्या गाड्यांचे असतील, तर मालाचे पैसे घे आणि मजुरी आहेरात टाक. पण हे आधी ठरव. गाडी चकाचक झाल्यावर काकू विचारेल "किती झाले रे?" आणि तू "राहू द्या ना" म्हणशील, मग वर्षभर मनात कुढत बसशील, असं होतं बहुतेक घरात. आणि एक हद्द आत्ताच आखून घे, घरातल्या लग्नाची गाडी आहेर, पण नवरदेवाच्या मित्राची, मामाजींच्या साडूची गाडी नाही.

उधारीचं आलंच. "सोयाबीन निघालं की देतो", "कापूस विकला की देतो", हे ऐकायला मिळणार आणि बहुतेक वेळा ते खोटंही नसतं, हातात पैसा येतोच त्या वेळी. पूर्वी आपल्याकडे सुताराला, लोहाराला पीक निघाल्यावरच धान्य मिळायचं, लोकांच्या अंगात ती सवय आहे. पण सुताराला कंपाउंडची बाटली रोख आणावी लागत नव्हती. तेव्हा माल आणि पोराची मजुरी रोख, कामाच्या आधी, फोनवर घे नाहीतर हातात घे, तुझी स्वतःची मजुरी तेवढी उधार ठेव, तीही वहीत तारीख लिहून आणि त्याच्यासमोर लिहून. मोठ्या कामाला निम्मे आधी. डॉक्टरांकडूनही.

दोन कामं अशी आहेत जी मी तुझ्या जागी असते तर सध्या नाही म्हटलं असतं. एक, रंगावर जपणुकीचा थर चढवायचं काम, "टेफलॉन नाहीतर सिरॅमिक मारून दे, पाच वर्षं जाते म्हणतात". उघड्या टिनाच्या शेडमध्ये, रोडची धूळ आणि सीझनला जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांचा कापूस उडत असताना कोटिंगमध्ये काय काय चिकटेल विचार कर, शिवाय लावल्यावर काही दिवस गाडी पाण्यापासून जपावी लागते. बंद खोली होईल तेव्हा कर, आणि पाच वर्षांचा शब्द तेव्हाही देऊ नको. दुसरं, डिक्कीत फवारणीचं औषध सांडलेली गाडी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, आपल्याला वेगळं सांगायला नको. गाडी बंद असते, वाफ आत कोंडते, तू डोकं आत घालून दोन तास घासणार. त्याला जास्तीचा दर हे उत्तर नाही. घ्यायचीच वेळ आली तर कोणतं औषध सांडलं ते विचार, डबा पाहायला माग, सगळी दारं उघडी टाकून गाडी अख्खा दिवस मोकळ्यात ठेव, रबरी हातमोजे आणि चांगला मास्क घाल, आणि मदतीच्या पोराला त्या दिवशी सुट्टी दे. भिजलेली मॅट धुवत बसू नको, बदलायला सांग.

पुण्याला वापस जायचं का, याचं उत्तर मी देणार नाही कारण ते तुझ्या बाबांच्या तब्येतीवर आहे, डिटेलिंगवर नाही. एवढं म्हणेन की बोलेरोच्या १५०० वरून ते ठरवू नको. या दसऱ्यापासून पुढच्या लग्नसराईपर्यंत दर लावून काम कर, प्रत्येक गाडीचे तास आणि माल वहीत लिही, मग मे महिन्यात वही उघडून बघ.

कागदपत्रांचं थोडक्यात: उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि फुकट होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नको. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असली तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. अजून एखादी मशीन घ्यायची झाली तर सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेच्या शिशू गटात ५०००० पर्यंत कर्ज मिळतं, खासगी फायनान्सच्या हप्त्याच्या आधी बँकेत विचार.

आणि पत्रातली एक ओळ वाचून मी थबकले होते, शेड वावरात आहे आणि "लाइट पंपाचीच आहे". तसं असेल तर ते आजच बंद कर. शेतीपंपाच्या जोडणीवर धंदा चालवणं नियमात बसत नाही, पकडलं तर वीज कंपनी मागच्या काळाचं धरून बिल लावते, आणि शेतीच्या लाइनला दिवसभर वीज नसतेच, अर्ध्या बोनेटवर मशीन बंद पडली तर ते कंपाउंड तिथेच वाळेल. व्यापारी जोडणीचा अर्ज टाक, त्याचं महिन्याचं बिल किती येईल ते विचारून घे आणि वरच्या ६००० मध्ये बसतं का बघ, नाही बसलं तर दिवसाचा दर नव्याने काढ, आणि मग डॉक्टरांना फोन कर.